लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवताना या चुका टाळा

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीच बहुतेक घोळ होऊन बसलेला असतो. चुकीचा एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसवायचा, चिपवर डेटा ठेवणारा वेगवान ड्राइव्ह) मागवलेला असतो, नाहीतर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू ठेवूनच क्लोनिंगला, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्यावर उतरवायला, हात घातलेला असतो. प्रत्यक्ष बसवण्याचं काम त्यामानाने किरकोळ.

‘एम.२ आहे ना, मग एनव्हीएमई चालेल’

हा समज सगळ्यात महागात पडतो. एम.२ हे पट्टीसारख्या ड्राइव्हच्या फक्त आकाराचं नाव आहे. त्या आकारात साटा या जुन्या जोडणीवर चालणारे एसएसडी येतात, तसेच एनव्हीएमई या जास्त वेगवान प्रकारचेही. काही स्लॉट दोन्ही घेतात, काही एकच. साटा एम.२ ड्राइव्हला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एक. पण स्लॉटकडे नुसतं बघून तो काय घेईल हे सांगता येत नाही. आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा. लांबीही तिथेच मिळेल: २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. जागा २२४२ ची असेल तर २२८० ड्राइव्ह मावणार नाही.

अडीच इंची हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडीच बसतो. त्याची जाडी बहुधा ७ मिमी असते, जुन्या डिस्क मात्र बऱ्याचदा ९.५ मिमीच्या. सैल वाटला तर स्पेसर (उरलेली जाडी भरून काढणारी चौकट) लावा, नाहीतर सगळा भार कनेक्टरवर येतो. साटा-३ वर वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास मिळतो, जुन्या लॅपटॉपांतल्या साटा-२ वर साधारण निम्मा. म्हणून जुन्या लॅपटॉपवर खर्च करू नये असं मात्र नाही. हार्ड डिस्कचा बराच वेळ हेड इकडून तिकडे नेण्यात जातो, आणि ती रखडपट्टी साटा-२ वरही संपते.

क्लोनिंग करताना

आधी जुन्या डिस्कचं स्मार्ट वाचन (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) तपासा. ‘रीअ‍ॅलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचे, म्हणजे बिघडलेल्या किंवा बिघडू लागलेल्या भागांचे आकडे शून्याच्या वर असतील, तर क्लोन करत बसू नका. कामाच्या फाइली आधी बाहेर काढा आणि विंडोज नव्याने टाका. अशी डिस्क क्लोनिंगच्या अर्ध्यावर अडकते, आणि त्या ताणाने कायमची जाऊही शकते.

बिटलॉकर बंद करून डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. ४८ अंकी रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर कुठेतरी लिहून ठेवा. घरगुती विंडोजवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने हेच आपोआप चालू असू शकतं, त्यामुळे ‘मी कधी लावलंच नाही’ यावर विसंबू नका.

फक्त सी ड्राइव्ह उचलला तर नवा एसएसडी बूट होणार नाही. लॅपटॉप ज्यावरून सुरू होतो ते ईएफआयचं छोटं पार्टिशनही (डिस्कचा वेगळा भाग) सोबत जायला हवं, म्हणून अख्खी डिस्क निवडा. ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ ओळखताना ड्राइव्हचं नाव व क्षमता दोन्ही वाचा. इथे उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि परतीचा रस्ता उरत नाही.

विंडोज कित्येक वर्षं जुनं असेल तर क्लोन करूच नये, असं आमचं मत. जुना कचरा नव्या ड्राइव्हवर वाहून नेण्यात अर्थ नाही.

उघडताना

चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. हे टाळणारे पुष्कळ असतात, आणि एक सुटलेला स्क्रू बोर्डवर पडला की शॉर्ट होतो. एम.२ ड्राइव्ह तिरका, साधारण ३० अंशांत सरकवा, मग खाली दाबून स्क्रू लावा. सरळ दाबून बसवायला गेलात तर स्लॉट तुटू शकतो.

बसवला, पण चालत नाही

बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये) दिसत नसेल तर ड्राइव्ह नीट बसलेला नाही किंवा प्रकार जुळत नाही. बायोसमध्ये दिसतो पण विंडोजमध्ये नाही? कोरा ड्राइव्ह आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जीपीटी (पार्टिशन मांडण्याची नवी पद्धत) निवडून इनिशियलाइझ करा, म्हणजे वापरासाठी तयार करा.

विंडोज टाकताना डिस्कच्या यादीत काहीच येत नसेल, तर इंटेलच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी (ड्राइव्ह हाताळणारी इंटेलची सोय) हे कारण असतं. त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण आधीच चालू असलेल्या विंडोजवर तसं केलंत तर ते बूट होणं थांबतं.

क्लोन केलेला ड्राइव्ह निळा पडदा दाखवून ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत असेल, तर एकदा सेफ मोडमध्ये सुरू करून बघा. साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर ही अडचण बरेचदा तेवढ्यानेच सुटते. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क मात्र काढलेली असू द्या. दोन्ही जोडलेल्या असल्या की लॅपटॉप बरेचदा जुन्याच डिस्कवरून बूट होतो आणि ‘एसएसडी टाकूनही वेग तोच’ अशी तक्रार सुरू होते.

१ टीबीच्या ड्राइव्हवर अर्धीच जागा दिसते? क्लोनमध्ये रिकव्हरी पार्टिशन मध्ये येऊन बसलं आहे, म्हणून ‘एक्स्टेंड’ पुसट दिसतं. पार्टिशनच्या टूलने ते शेवटाकडे सरकवा, मग सी वाढवता येईल.

जुनी डिस्क दोन-तीन आठवडे तशीच ठेवा, लगेच फॉरमॅट करू नका.