इंग्रजीची उजळणी करताना या चुका टाळा

बेळगावात दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेताना माझं लाल पेन सगळ्यात जास्त वेळा एकाच वाक्यावर थांबतं: ‘ही डिड नॉट वेंट.’ वही खानापूरच्या मुलाची असो की निपाणीच्या मुलीची, हे वाक्य सापडतंच.

दोन वर्षांपूर्वी खानापूरकडचा एक मुलगा यायचा. ‘डिड आला की क्रियापद मूळ रूपात’ हा नियम त्याला झोपेतून उठवून विचारला तरी यायचा. पूर्वपरीक्षेच्या पेपरात मात्र एकाच पत्रात चार ठिकाणी ‘डिड नॉट केम’, ‘डिड नॉट गेव्ह’. विचारलं तर म्हणाला, “सर, नियम पाठ आहे की! लिहिताना हात तसाच जातो.”

हात तसा का जातो, हे मुलाला उमगल्याशिवाय ही चूक सुटत नाही. ‘तो गेला नाही’ या वाक्यात भूतकाळ ‘गेला’मध्ये बसलाय आणि ‘नाही’ फक्त मागे जोडलंय. मूल तेच इंग्रजीत उतरवतं. इंग्रजीत नकार आला की भूतकाळ ‘डिड’ने उचललेला असतो, तो दुसऱ्यांदा लावायचा नसतो.

मी त्याला कन्नडमध्ये विचारलं. तो गेला? “अवनु होदनु.” तो गेला नाही? “अवनु होगलिल्ल.” मग ‘होदनु’ कुठे गेलं? पोरगं गप्प झालं आणि मग हसलं. नकार येताच भूतकाळाचं रूप गळून क्रियापद मुळावर आलं होतं. ‘वेंट’चं ‘गो’ होतं ते तसंच. आपल्या सीमाभागातल्या पोरांच्या तोंडात ही किल्ली आधीच असते, पण इंग्रजीच्या तासाला ती कुणी काढायला सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे माझी नेहमीची रीत: काल घरी काय झालं नाही, यावर रोज पाच वाक्यं. बाबा बाजाराला गेले नाहीत, एसटी आली नाही, लाइट आली नाही. ‘डिड’भोवती पेन्सिलने गोल करायचा आणि पुढच्या क्रियापदावर बोट ठेवून ते मूळ रूपात आहे का बघायचं. त्याला तीन आठवडे लागले. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येऊन “सर, एखादी ट्रिक सांगा” म्हणणाऱ्यांना द्यायला माझ्याकडे काही नसतं, कारण हे तीन आठवडे कमी करता येत नाहीत.

‘अ’ की ‘ॲन’, हे स्पेलिंगवर ठरवू नका, उच्चारावर ठरवा: ‘ॲन अवर’, ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘ॲन एमएलए’.

‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको. ‘रिटर्न’नंतर ‘बॅक’ नको.

मराठीतलं एक ‘पासून’ इंग्रजीत दोन वाटांनी जातं. 2019 पासून म्हणजे सुरुवातीचा क्षण, तिथे ‘सिन्स’. पाच वर्षांपासून म्हणजे कालावधी, तिथे ‘फॉर’. आणि क्रियापद ‘ॲम लिव्हिंग’ नव्हे, ‘हॅव बीन लिव्हिंग’.

अप्रत्यक्ष कथनात प्रश्नाची उलटी रचना सरळ होते. ‘ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग’ चूक, ‘व्हेअर आय वॉज गोइंग’ बरोबर.

आता कविता. इथली चूक मला व्याकरणापेक्षा जास्त लागते: मुलं कविता न वाचता तिचा सारांश पाठ करतात. एका वर्षी माझ्या वर्गातल्या सात जणांनी सॉनेट बारा ओळींचं असतं असं लिहिलं. सगळ्यांचं गाइड एकच, त्यात छपाईची चूक. पाठ्यपुस्तकातलं सॉनेट प्रत्येकाच्या दप्तरात होतं, पण बोट ठेवून ओळी मोजाव्यात असं एकालाही वाटलं नाही. त्या दिवशी मी शिकवणं थांबवलं आणि प्रत्येकाकडून ओळी मोठ्याने मोजून घेतल्या. चौदा.

चौदा ओळींचा हाच काव्यप्रकार केशवसुतांनी मराठीत आणला, आपण त्याला सुनीत म्हणतो. शेक्सपिअरच्या पद्धतीत चार-चार ओळींचे तीन गट आणि शेवटी दोन ओळींचं यमक. इटालियन कवी पेट्रार्कच्या पद्धतीत आठ आणि सहा ओळींचे दोन गट. शेवटचे शब्द अधोरेखित करून यमकाला अ, ब, क अशी अक्षरं देत गेलात की प्रकार आपोआप दिसतो, पाठ करावा लागत नाही.

लय शोधताना मात्र मराठीची सवय बाजूला ठेवा. शार्दूलविक्रीडित वृत्तात आपण एकोणीस अक्षरं लघु-गुरूंनी मोजतो. इंग्रजीत मोजायचा तो आघात, म्हणजे उच्चारताना पडणारा जोर. आयँबिक पेंटामीटरमध्ये हलकं-जड अशी जोडी ओळीत पाच वेळा येते. बाकावर बोटाने ठोका देत ओळ मोठ्याने वाचा. घरात कुणी बघत असेल तर आवाज कमी करू नका, कारण मनातल्या मनात वाचताना आघात ऐकूच येत नाही.