फुकटची ऑनलाइन साधनं: आधी कीबोर्ड नीट करा

इंदुरातल्या मराठी घरातलं मूल बहुधा तीन भाषांत शिकतं. घरी मराठी, शाळेत किंवा कोचिंगला हिंदी, आणि वरच्या वर्गात गेलं की पुस्तकं इंग्रजी. व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या ‘शंभर उपयोगी वेबसाइटी’ छापाच्या याद्यांत याचा विचारच नसतो. त्यामुळे नवीन माणसाचं घोडं पहिल्यांदा अडतं ते टायपिंगपाशी.

टायपिंगच्या दुकानातून प्रश्नपत्रिका करून आणली, तर ती अजूनही कृतिदेव या जुन्या फाँटात असण्याची शक्यता बरीच. कागदावर छापायची असेल तर काही बिघडत नाही. पण कृतिदेवात फाइलमध्ये खरी देवनागरी नसतेच. ‘कमल’ दिसतं तिथे आत इंग्रजी डी, ई, वाय ही अक्षरं असतात. फाँट फक्त त्यांना क, म, ल यांचा आकार देतो. मुलाच्या फोनवर तो फाँट नसला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. गूगल फॉर्म, शोध, भाषांतर, वाचून दाखवणारी ॲपं यांपैकी कशालाच तो मजकूर कळत नाही. खरी देवनागरी साठवते ती युनिकोड ही पद्धत. ‘कृतिदेव ते युनिकोड’ असं शोधलं की रूपांतर करून देणारी पानं मिळतात, फुकट. मात्र रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासा. कृतिदेवात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडात ती अक्षरानंतर साठवली जाते. ही अदलाबदल जोडाक्षरापाशी हटकून चुकते.

नवा मजकूर थेट युनिकोडात करा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी जोडा. ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड घेतला तर इंग्रजी स्पेलिंगवरून टाइप होतं. भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबायचे. शाळेच्या संगणकावर फक्त हिंदी इनस्क्रिप्ट (देवनागरीची सरकारी प्रमाण कळमांडणी) असेल तरी ‘हिंदीत ळ नाही’ म्हणून थांबू नका: शिफ्ट धरून एन दाबलं की ळ येतो, शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ. हा दुसरा महत्त्वाचा. साधा र, हलन्त आणि य असं टाइप केलं की ‘दुसर्या’ होतं, रफार य च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘दुसऱ्या’ हवं असेल तर ऱ, हलन्त, य. फोनवर जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) भाषांमध्ये मराठी वेगळी जोडा. हिंदी कीबोर्डवर काम भागवलं तर सुचवलेले शब्द हिंदीच येत राहतात. छपाईला मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर गूगल फाँट्सवर ‘तिरो देवनागरी मराठी’ फुकट आहे.

जुना छापील उतारा पुन्हा टाइप करत बसू नका. नीट उजेडात सरळ फोटो काढा, गूगल ड्राइव्हवर चढवा, संगणकावर त्या फाइलवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्स निवडा. चित्राखाली मजकूर उतरतो. फाइल २ एमबीच्या आत हवी आणि फोटोतली अक्षरं आडवी-उलटी नकोत, सरळ हवीत. दोन रकान्यांचं पान असेल तर ओळी एकमेकांत मिसळू शकतात. प्रत्येक रकाना वेगळा कापून द्या. डॉक्समध्ये ‘टूल्स’खाली बोलून टाइप करायचीही सोय आहे. क्रोम वापरा, भाषा मराठी निवडा, विरामचिन्हं मागाहून हाताने घाला.

आता गूगल फॉर्म. शिक्षकांना सगळ्यात जास्त उपयोग याचाच, आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच. सेटिंग्जमध्ये ‘मेक धिस अ क्विझ’ चालू करायचं, प्रत्येक प्रश्नाखाली ‘आन्सर की’ भरायची, गुण द्यायचे. चार पर्यायांच्या प्रश्नांत काही अडचण नाही. लहान उत्तराचे प्रश्न मात्र यंत्र अक्षराला अक्षर लावून तपासतं. ‘अहिल्याबाई होळकर यांचं निधन कोणत्या वर्षी झालं?’ याचं उत्तर तुम्ही देवनागरी १७९५ ठेवलंत आणि मुलाने इंग्रजी आकड्यांत लिहिलं, तर बरोबर उत्तराला शून्य. नाव विचारलं तर ‘अहिल्याबाई’, ‘अहल्याबाई’, ‘देवी अहिल्या’ असं काहीही येऊ शकतं. उत्तरांच्या चौकटीत मान्य असलेली सगळी रूपं एकेक करून घाला, नाहीतर असे प्रश्न हाताने तपासायचे ठेवा आणि गुण ‘लेटर, आफ्टर मॅन्युअल रिव्ह्यू’वर सोडा. लगेच गुण दाखवले की निम्मे पालक तपासणीवर वाद घालायला येतात.

‘लिमिट टू वन रिस्पॉन्स’ ही सोय ऐकायला छान. पण त्यासाठी गूगल खात्याने लॉगिन लागतं, आणि ज्या घरी एकाच फोनवर, एकाच खात्यावर दोन भावंडं अभ्यास करतात तिथे दुसऱ्याला फॉर्म उघडतच नाही. त्यापेक्षा हजेरी क्रमांकाचा प्रश्न अनिवार्य ठेवा आणि दुबार आलेले उत्तरांच्या शीटमध्ये शोधा. उत्तरपत्रिकेचे फोटो ‘फाइल अपलोड’ने मागवले तर ते तुमच्या ड्राइव्हमध्ये साठतात. फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंसकट. ६० मुलं, प्रत्येकी ५ पानं, पान ४ एमबीचं धरलं तर एका चाचणीला १.२ जीबी गेले. मुलांना ड्राइव्ह ॲपमधल्या स्कॅनने सगळ्या पानांची एकच पीडीएफ करायला शिकवा. फॉर्म आधी ‘पब्लिश’ करा आणि लिंक तिथल्या बटणावरूनच घ्या. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतली लिंक संपादनाची असते. ती गटावर टाकली की मुलं ‘परवानगी द्या’चे निरोप पाठवत बसतात.

विज्ञानासाठी कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचं ‘फेट’, म्हणजे पडद्यावर करायच्या प्रयोगांची वेबसाइट. याची बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत, आणि एचटीएमएल फाइल उतरवून पेनड्राइव्हवरून इंटरनेटशिवाय चालतात. विद्युत परिपथाचं किट घ्या: ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा रोध, अमीटर ०.९ अँपिअर दाखवेल. रोध काढून नुसती तार जोडली की बॅटरी पेट घेते, आणि मुलं तेच पुन्हा पुन्हा करतात. करू द्या, शॉर्ट सर्किट कायमचं लक्षात राहतं. गणिताला आलेख काढून देणारं जिओजेब्रा: सरळ रेषेच्या समीकरणात (y = mx + c) एम आणि सी ही अक्षरंच ठेवली की स्लायडर आपोआप येतात.

मराठी वाचनाला ई-बालभारतीवर महाराष्ट्राची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. रविवारी घरी मुलांना मराठी शिकवणाऱ्यांनी पहिली-दुसरीपासून सुरुवात करावी, मूल सातवीत असलं तरी. एमए मराठीवाल्यांना शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७चा कोश शोधता येतो, आणि मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे.

कॉलेजच्या मुलांसाठी एनपीटेल, म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांचे ऑनलाइन कोर्स. व्याख्यानं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला घातलं असं नव्हे. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा असतो, आणि दर सत्रात कोणी ना कोणी इथेच चुकतं. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० असल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. म्हणजे परीक्षेत ७० मिळाले तरी असाइनमेंट टाळलेल्याच्या हाती काही नाही.

फुकटचं साधन कधीही बंद पडतं. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४च्या अखेरीस गेला. शाळा-कॉलेजने दिलेलं खातं तर पास झाल्यावर बंद होऊ शकतं. म्हणून सत्र संपलं की गूगल टेकआउट (खात्यातलं सगळं उतरवून घ्यायची गूगलचीच सोय) उघडा, ‘डीसिलेक्ट ऑल’ दाबा, फक्त ड्राइव्ह निवडा आणि झिप मागवा. लिंक मेलवर येते आणि साधारण आठवडाभरच चालते, तेव्हा आली त्या दिवशीच उतरवून घ्या.