जुन्या आऊटबोर्ड मशीनचे जाम झालेले बोल्ट काढताना

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि जुने आऊटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बाहेरून लावलेले इंजिन) उघडायला सवड मिळते. पाण्याचा पंप बदलण्यासाठी खालचा गिअरबॉक्स उतरवायला बसावे, तर त्याचे बोल्ट जागचे हलत नाहीत. वरून गंज दिसत नाही म्हणून जोर लावला जातो आणि बोल्टाचे डोके तुटून हातात येते. खरा अडथळा आट्यांमध्ये साचलेल्या पांढऱ्या भुकटीचा असतो. बोल्ट स्टेनलेसचा आणि बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असल्यामुळे दोघांमध्ये खारे पाणी शिरले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते, तीत अ‍ॅल्युमिनियम झिजते, आणि त्यातून बनणारी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे बोल्ट चहूबाजूंनी आवळला जातो. ही भुकटी फुटेपर्यंत पाना फिरवण्याची घाई करू नये.

प्रथम प्लगच्या वायरी काढाव्यात आणि पेट्रोलची टाकी व नळी दूर न्यावी. बोल्टाभोवतीचा रंग आणि मीठ तारेच्या ब्रशने खरवडून तेथे भेदक तेल (आट्यांत झिरपणारे पातळ तेल) सोडावे. मोटारगाडीचे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळूनही ते घरी करता येते, मात्र अ‍ॅसिटोन लगेच पेट घेते आणि उडूनही जाते, म्हणून लागेल तेवढेच बनवावे. दिवसातून दोन-तीनदा तेल घालावे, प्रत्येक वेळी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, हलके ठोके द्यावेत आणि असे दोन दिवस तरी जाऊ द्यावेत. हा वेळ वाया गेला असे वाटते खरे, पण तुटलेला एक बोल्ट काढायला त्याहून अधिक वेळ जातो.

त्यानंतर सहा पैलूंचा सॉकेट पूर्ण बसवून बोल्ट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा आणि मग सोडवावा. तो थोडा सुटला की पुन्हा आत, पुन्हा बाहेर, असे तेल घालत पुढेमागे करावे. सहा मिलिमीटरच्या बोल्टासाठी लांब दांड्याचा पाना वापरू नये, कारण बोल्ट पिळवटतो आहे हे हाताला कळेपर्यंत तो तुटलेला असतो. स्क्रूसाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर उत्तम.

एवढ्यानेही न हलल्यास आंच द्यावी, पण आधी सर्व तेल पुसून काढावे. ज्योत बोल्टावर न धरता भोवतालच्या अ‍ॅल्युमिनियमवर फिरती ठेवावी, कारण अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त प्रसरण पावते आणि भोक सैल होते. अ‍ॅल्युमिनियम फार तर ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याआधी लोखंडासारखे लाल होत नाही, त्यामुळे नजरेवर विसंबू नये. तापवायच्या जागी आधी कपड्याच्या साबणाची रेघ ओढून ठेवावी. ती तांबूस होऊ लागताच आंच थांबवावी, काळी पडली तर धातू नरम पडण्याइतका तापला असे समजावे. रबरी सील, इम्पेलर (पाण्याच्या पंपातील रबरी चक्र) आणि पंख्याच्या आतील रबरी बुश यांच्याजवळ ज्योत नेऊच नये. तेथे उकळते पाणी ओतणे पुरे.

बोल्ट तुटून थोडा भाग बाहेर राहिला असेल, तर त्यावर नट वेल्ड करून घ्यावा. वेल्डिंगची उष्णताच निम्मे काम करते. तो आत तुटला असल्यास नेमक्या मध्यभागी खूण ठोकून उलट्या दिशेने कापणारे ड्रिल बिट हळू चालवावे. आटे गेलेच, तर ६ मिलिमीटरच्या बोल्टासाठी ६.३ मिलिमीटरचे भोक पाडून, हेलिकॉइलच्या टॅपने आटे कापून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवता येते.

सगळे बोल्ट निघूनही गिअरबॉक्स खाली येत नसेल, तर आधी मागच्या, माशाच्या परासारख्या लहान पट्टीखाली (ट्रिम टॅब) दडलेला बोल्ट आणि गिअर बदलण्याच्या दांड्याची जोडणी तपासावी. त्यानंतरच ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनची गती खाली गिअरबॉक्सला देणारा दांडा) वर इंजिनच्या क्रँकशाफ्टमध्ये धरला गेला असावा असे मानावे. सांध्यात छिन्नी घातली तर पृष्ठभाग कायमचे खराब होतात, म्हणून दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी थोड्या-थोड्या आळीपाळीने ठोकाव्यात. परत जोडताना बोल्टाच्या आट्यांना आणि शाफ्टच्या खाचांना बाजूंनी मरीन ग्रीस लावावे. शाफ्टच्या वरच्या टोकावर मात्र ग्रीस ठेवू नये, कारण ते आत कोंडले की शाफ्ट पूर्ण वर बसत नाही.