पहाटे मासे वर तोंड काढतात? शेततळ्यातल्या या चुका टाळा

पहाटे रोहू-कटला पाण्याच्या वर तोंड काढून आ वासताना दिसले, की पुष्कळ जण खाद्य टाकतात. मासे भुकेले नसतात, गुदमरत असतात. अशा वेळी दिलेलं खाद्य तळाशी कुजतं आणि उरलासुरला ऑक्सिजनही खातं.

मुळातला घोळ 'पाणी हिरवं म्हणजे ऑक्सिजन भरपूर' या समजुतीत आहे. हिरवा रंग सूक्ष्म शेवाळाचा. ऊन असेपर्यंत ते ऑक्सिजन सोडतं, म्हणून दुपारी तीनच्या सुमारास पाण्याची स्थिती उत्तम दिसते. अंधार पडला की निर्मिती थांबते, श्वसन मात्र सगळ्यांचंच चालू राहतं: माशांचं, गाळातल्या जिवाणूंचं आणि खुद्द त्या शेवाळाचंही. सर्वांत वाईट वेळ सूर्योदयाच्या जरा आधीची. तेव्हा ऑक्सिजनचं मोजमाप दुपारी नको, पहाटेच करा. लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर चांगलं. 2 च्या खाली गेलं तर मासे जगणं कठीण. एरिएटरही (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालवा. आदल्या दिवशी आभाळ भरलेलं असेल तर नक्कीच, कारण त्या दिवशी साठाच कमी झालेला असतो.

हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून पाहा. कोपर बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला, तर शेवाळ जास्त झालंय. शेणखत आणि खाद्य थांबवा. पण घाबरून सगळ्या तळ्यात मोरचूद टाकू नका! एकदम मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन ओढून घेतं आणि वाचू शकणारे मासेही जातात.

जलपर्णी राहू देणं हीसुद्धा चूकच. तिची पानं हवेत, त्यामुळे त्यांनी सोडलेला ऑक्सिजनही हवेतच जातो. खाली मात्र ऊन पोचत नाही.

मे महिन्यात जास्तीचं खाद्य देऊ नका. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच, आणि माशांची ऑक्सिजनची गरज तर उन्हाळ्यात वाढलेली असते. तळ्यातली मरळ किंवा मागूर धडधाकट दिसली म्हणून निर्धास्त राहू नका, ते वरची हवा घेऊन तगतात.

मासे वर आलेच तर ताजं पाणी सोडा. बोअरच्या पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून पाइप पाण्यात बुडवून ठेवू नका. उंचावरून, फवारा उडेल असं पाडा.