प्रोसेसरच्या एअर कूलरची पारख करताना या चुका टाळा

डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर बसवलेला एअर कूलर चांगला की सुमार, हे ठरवताना बहुतेक जण स्क्रीनवर दिसणारा तापमानाचा एकच आकडा पाहतात आणि तेवढ्यावर निकाल देऊन मोकळे होतात. त्या वेळी खोली किती तापलेली होती, प्रोसेसर किती वॅट वीज घेत होता आणि पंखा किती वेगाने फिरत होता, हे सोबत नोंदवलेले नसेल, तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

एअर कूलर प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्या दोहोंच्या तापमानातील फरक कमी ठेवणे एवढेच त्याचे काम असते. समजा, वीजवापर सारखाच असताना एका कूलरने २४ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७८ अंशांवर ठेवला आणि दुसऱ्याने ३१ अंशांच्या खोलीत ८२ अंशांवर. वरकरणी पहिला सरस वाटतो, पण त्याच्या बाबतीत फरक ५४ अंशांचा आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत ५१ अंशांचा. खोलीचे तापमान मोजायचे तेही कॅबिनेटमध्ये हवा शिरते त्या बाजूला. मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते, तिथे ठेवलेला तापमापक फसवतो.

याहून मोठी फसगत नव्या प्रोसेसरमुळे होते. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतील वरच्या श्रेणीचे काही प्रोसेसर पूर्ण भाराखाली, म्हणजे सगळी ताकद लागेल असे काम करताना, ९५ अंशांपर्यंत जातील अशाच बेताने बनवलेले आहेत, त्यामुळे अधिक चांगला कूलर लावला तरी ते थंड राहतीलच असे नाही; मिळालेली मोकळीक वापरून ते अधिक वेगाने चालतात. साहजिकच दोन्ही कूलरवर ९५ हाच आकडा दिसतो आणि महागडा कूलर वाया गेला, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. अशा वेळी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूलभूत सेटिंगमध्ये) वीजवापराची मर्यादा ठरावीक वॅटवर बांधून तापमान पाहावे, नाहीतर तापमान बाजूला ठेवून दीर्घकाळ टिकणारा वेग तपासावा.

खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यांची तुलना तर करूच नये. इंटेलच्या कोअर आय९-१२९००के या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा १२५ वॅट आहे, मात्र टर्बो म्हणजे वाढीव वेगात ती २४१ वॅटपर्यंत जाते. रायझन ९ ७९५०एक्सचा टीडीपी (कूलर निवडण्यासाठी कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा) १७० वॅट असला तरी सॉकेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरील त्याच्या खोबणीतून, तो २३० वॅट घेऊ शकतो. कूलर बनवणाऱ्या कंपन्यांचे आकडेही एकाच कसोटीवर काढलेले नसतात.

पंखा पूर्ण वेगाने फिरवून केलेली तुलना मला तरी निरुपयोगी वाटते, कारण तसा आवाज दिवसभर कोणी सहन करत नाही. दोन्ही कूलरचे पंखे सारख्याच आवाजावर आणून, डेसिबल मीटर दोन्ही वेळा सारख्याच अंतरावर ठेवून मोजावे. हीटसिंक, म्हणजे कूलरचा उष्णता शोषणारा धातूचा भाग, सावकाश तापत असल्यामुळे तापमान स्थिर होईपर्यंत, म्हणजे साधारण २० ते ३० मिनिटे, भार चालू ठेवावा आणि कॅबिनेटची झडप बंद असावी.

कूलर कॅबिनेटमध्ये मावेल का, हा उंचीचा हिशेब सोपा आहे, पण एक गोष्ट हमखास सुटते: रॅमच्या उंच पट्ट्यांमुळे पुढचा पंखा वर सरकवावा लागला, तर कूलरची एकूण उंचीही तेवढीच वाढते आणि झडप लागत नाही.

तापमान अपेक्षेपेक्षा जास्त येत असेल, तर ते कसे चढते याकडे लक्ष द्यावे. भार पडताच दोन-चार सेकंदांत ते मर्यादेला भिडत असेल, तर दोष बहुधा संपर्कात असतो: तळाची संरक्षक फिल्म काढायची राहिलेली असते, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णतावाहक लेप) नीट पसरलेली नसते किंवा स्क्रू एका बाजूला सैल असतो. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर जुन्या सॉकेटचा ब्रॅकेट (कूलर अडकवण्याची चौकट) ओढूनताणून बसवल्यानेही दाब कमी पडतो, कारण छिद्रांमधील अंतर ७५ मिलिमीटरवरून ७८ मिलिमीटर झाले आहे. याउलट तापमान काही मिनिटे हळूहळू चढत राहिले, तर कॅबिनेटमधील हवेचा प्रवाह आणि पंख्यांची दिशा तपासावी.

संपर्काची खात्री करण्यासाठी कूलर काढून, पेस्ट पुसून, नव्याने लावून पुन्हा मोजावे. एकाच कूलरच्या दोन मोजण्यांत दोन अंशांचा फरक पडत असेल, तर तेवढ्याच फरकावरून दोन वेगळ्या कूलरमध्ये डावे-उजवे ठरवता येत नाही.