अपग्रेडनंतर ढोलकी गप्प झाली तेव्हा

२०२१ चा ऑगस्ट. गणपती १० सप्टेंबरला बसणार होते आणि माझ्याकडे सहा भक्तिगीतांचं प्रोग्रॅमिंग होतं, म्हणजे कॉम्प्युटरवर वाद्यं बसवायचं काम. चार गाणी होत आलेली, दोन अर्धी. मला एका प्लगिनचं, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरच्या आत चालणाऱ्या जोड-प्रोग्रॅमचं, नवं व्हर्जन हवं होतं आणि ते माझ्या मॅकवरच्या मोहावी या जुन्या सिस्टिमवर बसेना. म्हणून रात्री साडेनऊला मी बिग सर या नव्या सिस्टिमचं अपग्रेड लावलं आणि जेवायला गेले. परत येऊन लॉजिक, म्हणजे मी गाणी ज्यात बनवते ते सॉफ्टवेअर, उघडलं, तर परवानगी मागणाऱ्या चौकटी एकामागून एक येऊ लागल्या. मला घाई होती. न वाचताच त्या बंद केल्या आणि पहिलं गाणं लावलं.

तानपुरा वाजला, बाकी शांतता. ढोलकीच्या ट्रॅकवर 'सॅम्पल सापडत नाहीत' अशी चौकट आली. सनईच्या जागी प्लगिनच नव्हतं. व्हायोलिनचं प्लगिन उघडलं, त्याचं चित्रही दिसलं, पण कीबोर्डची पट्टी दाबली तर आवाज नाही.

स्टुडिओत नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी ही हकिगत सविस्तर लिहितेय. ही तीन वेगळी दुखणी होती आणि मी त्यांना एकच समजले. पहाटेपर्यंत माझं जे नुकसान झालं, ते अपग्रेडमुळे थोडं आणि या समजुतीमुळे जास्त.

सॅम्पलर म्हणजे खऱ्या वाद्याचे रेकॉर्ड केलेले तुकडे, म्हणजे सॅम्पल, वाजवणारं सॉफ्टवेअर. आधी त्यात नेमकं काय असतं ते सांगते. माझी ढोलकीची लायब्ररी, म्हणजे सॅम्पलचा संग्रह, मी स्वतः रेकॉर्ड केलेली आहे, नारायणगावला, एका वयस्कर ढोलकीवाल्यांकडून, तीन दिवस बसून. अठरा बोल, प्रत्येक बोल हलक्या थापेपासून जोरकस थापेपर्यंत पाच पातळ्यांवर, आणि प्रत्येक पातळीवर चार वेळा वाजवलेला. चार वेळा अशासाठी, की एकच थाप पुन्हा पुन्हा वाजली की कानाला लगेच यंत्र कळतं. म्हणजे एकूण ३६० फायली. या फायली बाहेरच्या डिस्कवर असतात. सॅम्पलरमध्ये आपण जे 'वाद्य' उघडतो ती वेगळी, अगदी छोटी फाइल असते. तिच्यात आवाज नसतो, पत्ते असतात: ही पट्टी या जोराने दाबली तर अमुक डिस्कवरच्या अमुक फोल्डरमधली अमुक फाइल वाजव. त्यामुळे 'सॅम्पल सापडत नाहीत' याचा अर्थ सॅम्पल गेले असा होत नाही. सॅम्पलर त्या पत्त्यावर गेला आणि त्याला दार उघडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे मला त्या रात्री माहीत नव्हतं असं नाही, पण घाबरल्यावर सुचलं नाही. व्हायोलिनची लायब्ररी काढून टाकली आणि साठ जीबी पुन्हा डाउनलोडला लावली. ढोलकीची एक जुनी, अर्धवट प्रत मॅकच्या आतल्या डिस्कवर होती. चौकटीने विचारल्यावर तिचाच पत्ता दिला. काही बोल वाजले, काही नाहीत, आणि तसाच प्रोजेक्ट सेव्ह केला. एक नाही, चारही गाण्यांचे. वाद्य कुठून उघडलंय हे प्रोजेक्टही लक्षात ठेवतो. म्हणजे चार ठिकाणी मी स्वतःच्या हाताने चुकीचा पत्ता लिहून ठेवला.

सकाळी मी ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्या अरेंजर दादांना फोन केला. त्यांनी काहीही डाउनलोड करायला सांगितलं नाही. म्हणाले, "अगं, आधी लॉजिक बंद कर. सॅम्पलर एकटं उघड, आणि बाहेरच्या डिस्कवरचं दुसरं कुठलंही वाद्य लाव." मी हलगी लावली. सॅम्पलरने परवानगी विचारली, या वेळी मी वाचून 'हो' म्हटलं, आणि हलगी खणखणीत वाजली.

या एका मिनिटात अर्ध्याहून जास्त शंका फिटल्या. डिस्क ठीक, सॅम्पल ठीक, सॅम्पलर ठीक. मग अडलंय ते लॉजिक आणि डिस्क यांच्यामध्ये. मोहावीनंतरच्या कॅटलिना या सिस्टिमपासून मॅकवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि बाहेरून जोडलेल्या डिस्क वाचायला प्रत्येक अ‍ॅपला आपली परवानगी लागते. सॅम्पलर लॉजिकच्या आत प्लगिन म्हणून चालतो तेव्हा ही परवानगी लॉजिकच्या नावावर असते, सॅम्पलरच्या नाही. रात्री मी न वाचता जी 'नाही' म्हणून बंद केली ती हीच चौकट. सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात फाइल्स अँड फोल्डर्स, तिथे लॉजिकच्या नावाखाली 'रिमूव्हेबल व्हॉल्यूम्स'वर खूण केली, लॉजिक बंद करून उघडलं, आणि ज्या गाण्यांना मी हात लावला नव्हता त्यातली ढोलकी बोलू लागली. उरलेल्या चार गाण्यांचे पत्ते दुरुस्त करायला मात्र दुपार गेली.

सनईचं दुखणं निराळं होतं. प्रत्येक प्लगिन उघडण्याआधी लॉजिक त्याची एक परीक्षा घेतं. प्लगिन मॅनेजरमध्ये नावांपुढे निकाल दिसतो. माझी सनई तिथे होती, पण नापास. बनवणाऱ्यांच्या साइटवर माझ्या खात्यात नवं व्हर्जन मोफत पडून होतं. ते घातलं, त्याच यादीत 'रिसेट अँड रिस्कॅन' केलं आणि सनई पास झाली. यादीत नावच नसेल तर प्लगिनची फाइल जागेवर आहे का ते बघायचं: मुख्य डिस्क, लायब्ररी, ऑडिओ, प्लग-इन्स, आणि लॉजिकसाठी त्यातलं कंपोनंट्स. मॅकवर 'लायब्ररी' नावाचे फोल्डर एकाहून जास्त असतात. एक सगळ्यांसाठीचा, आणि एक तुमच्या नावाच्या फोल्डरातला, जो लपवलेला असतो. फाइंडरमध्ये ऑप्शन दाबून 'गो' मेन्यू उघडला की तो दिसतो. सॅम्पलची लायब्ररी ती तिसरीच. फोनवर कुणाला समजावताना 'लायब्ररी' म्हणजे कुठली ते आधी ठरवून घ्या, नाहीतर दोघं वेगवेगळ्या जागी शोधत बसाल.

व्हायोलिन उघडत होतं, दिसत होतं, वाजत नव्हतं. असं झालं की पहिला संशय लायसन्सवर घ्यायचा. कॅटलिना ७ ऑक्टोबर २०१९ ला आलं आणि त्याने ३२ बिटचे, म्हणजे जुन्या बांधणीचे, प्रोग्रॅम चालवणं पूर्ण बंद केलं. लॉजिक वापरणाऱ्या आम्हा लोकांना वाटायचं की आपला याच्याशी संबंध नाही, कारण २०१३ च्या लॉजिक प्रो टेनपासून आमचे प्लगिन ६४ बिटचेच. पण प्लगिन ६४ बिटचं असलं तरी त्याचं लायसन्स तपासणारं छोटं अ‍ॅप किंवा इन्स्टॉलर जुना, ३२ बिटचा असू शकतो. माझं तसंच होतं. मी मोहावीवरून थेट बिग सरवर आल्यामुळे हा धक्का मला दोन वर्षं उशिरा बसला. लायसन्सचं नवं अ‍ॅप काही मिनिटांत उतरलं, लॉगिन केलं, व्हायोलिन वाजलं. त्या साठ जीबींची गरजच नव्हती.

म्हणून स्टुडिओत कुणी "काहीच वाजत नाही" म्हणालं, तर मी आधी विचारते: नक्की काय दिसतंय? नाव दिसत नाही, नाव आहे पण उघडत नाही, उघडतंय पण सॅम्पल मागतंय, की सगळं उघडून गप्प आहे? चारही तक्रारींचं उत्तर वेगळ्या ठिकाणी असतं. आणि पंधरा मिनिटं वाजून गप्प होत असेल तर तो पाचवा प्रकार. कॉन्टॅक्ट हा एक सॅम्पलर. त्याचा कॉन्टॅक्ट प्लेअर फुकट मिळतो, पण पूर्ण कॉन्टॅक्टसाठी बनवलेली लायब्ररी त्यात डेमो म्हणून पंधरा मिनिटंच चालते. अपग्रेडनंतर घाईत पूर्ण कॉन्टॅक्टऐवजी प्लेअर उतरवला गेला तर हे होतं, आणि दोष ऑपरेटिंग सिस्टिमला दिला जातो.

आज तुम्ही नवा मॅक घेतला असेल तर प्रश्न थोडे बदललेत. नोव्हेंबर २०२० पासून अ‍ॅपलने स्वतःच्या चिपचे मॅक आणले. इंटेलसाठी लिहिलेले प्लगिन त्यावर रोझेटा नावाच्या दुभाष्यामार्फत चालतात. क्युबेस १२ हे लॉजिकसारखंच सॉफ्टवेअर अशा मॅकवर थेट चालवलं तर व्हीएसटी २ या जुन्या प्रकारचे प्लगिन दिसतच नाहीत, फक्त व्हीएसटी ३ दिसतात. 'गेट इन्फो'मध्ये 'ओपन युजिंग रोझेटा'वर खूण करून उघडलं की जुने परत येतात. पण हा तात्पुरता आधार समजा. सर्वसाधारण वापरासाठी रोझेटा मॅक ओएस २७ पर्यंतच राहील असं अ‍ॅपलने २०२५ मध्येच सांगून ठेवलंय. ज्यांच्याकडे फायरवायर या जुन्या केबलने जोडायचे ऑडिओ इंटरफेस आहेत त्यांनी ताहो या मॅक सिस्टिमवर जायचंच नाही, तिथे फायरवायर काढून टाकलंय. आणि ताहोच्या आधीच्या सिकोयापासून अनोळखी इन्स्टॉलर कंट्रोल-क्लिक करून उघडण्याची जुनी सवय चालत नाही. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये खाली जाऊन 'ओपन एनीवे' दाबावं लागतं.

एक गोष्ट मी तीन-चार विद्यार्थ्यांच्या मॅकवर पाहिली. सॅम्पल डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेले आणि आयक्लाउडमध्ये 'ऑप्टिमाइज मॅक स्टोरेज' चालू. जागा कमी पडली की मॅक न वापरलेल्या फायली क्लाउडवर पाठवून देतो. नाव तिथेच दिसतं, आवाज नाही. सॅम्पल डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवूच नका.

विंडोजवरही हेच दुखणं वेगळ्या रूपात येतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बरेच जण अकरावर गेले किंवा जातायत. तिथे पहिल्यांदा डिस्कचं अक्षर बघा. कालची 'डी' आज 'ई' झाली असेल तर सगळे पत्ते चुकतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुनं अक्षर परत दिलं की बहुतेक वेळा एकाही लायब्ररीला हात लावावा लागत नाही. दुसरं, वनड्राइव्हने डॉक्युमेंट्सचा फोल्डर आपल्याकडे ओढून घेतलाय का. आणि अकरा पटलं नाही तर परत दहावर जायची सोय साधारण दहा दिवसच असते. त्यामुळे अपग्रेडनंतरच्या पहिल्या आठवड्यातच सगळे जुने प्रोजेक्ट उघडून पाहा.

क्रॅक केलेल्या, म्हणजे लायसन्स तोडून फुकट वापरलेल्या, प्लगिनबद्दल स्पष्ट बोलते. सुरुवातीला पैसे नसतात, माझ्याकडेही नव्हते. पण अपग्रेडनंतर सगळ्यात आधी मरतात ते क्रॅक, आणि त्यांना जिवंत करायला मॅकची सुरक्षा बंद करा अशा सूचना मिळतात. दुसऱ्याच्या स्टुडिओतल्या मशीनवर हे कधीही करू नका, तिथे लोकांची अप्रकाशित गाणी असतात. फुकट आणि प्रामाणिक साधनं आहेत: डिसेंट सॅम्पलर आहे, एसएफझी वाजवणारे प्लेअर आहेत. एसएफझी म्हणजे साधी मजकुराची फाइल, कुठला आवाज कुठल्या पट्टीवर हे त्यात अक्षरशः वाचता येतं. मी ढोलकीचे ते ३६० आवाज आता कच्च्या वेव्ह फायली आणि एसएफझी अशा रूपातही ठेवलेत, दोन डिस्कवर, दोन घरांत. सॅम्पलर उद्या बंद पडला तरी नारायणगावचे ते तीन दिवस पुसले जाणार नाहीत.

सहाय्यक म्हणून कामाला लागाल तेव्हा चाली रचायचं काम लगेच मिळणार नाही, हे काम मिळेल. दादांनी मला पहिल्या महिन्यात एक वही दिली होती. प्रत्येक प्लगिनचं नाव, व्हर्जन, लायसन्स कुठल्या खात्यावर, सॅम्पल कुठल्या डिस्कवर. तेव्हा मला ते कारकुनी वाटलं. आता मी अपग्रेडच्या आधी तीच वही उघडते आणि एकेका कंपनीच्या पानावर जाऊन आपलं व्हर्जन नव्या सिस्टिमवर चालतं का ते तपासते. चालू कामातला प्रत्येक ट्रॅक बाउन्स करून, म्हणजे त्याची तयार ऑडिओ फाइल काढून, ठेवते, म्हणजे प्लगिन उघडलं नाही तरी गाणं अडत नाही. मग नवी सिस्टिम आधी बाहेरच्या एसएसडीवर घालून आठवडाभर वापरते. आणि डिलिव्हरी तोंडावर असताना अपग्रेड नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

ती सहा गाणी वेळेत गेली, शेवटचं गणपतीच्या चार दिवस आधी. तुणतुण्याची एक जुनी लायब्ररी मात्र नव्या सिस्टिमवर आजपर्यंत उघडलेली नाही. बनवणाऱ्यांनी ती बंद केली आहे. तिच्यासाठी एक जुना मॅक मिनी मोहावीवरच ठेवलाय, इंटरनेट काढून. तुणतुणं लागलं की तो चालू करते, ट्रॅक बाउन्स करते, पेन ड्राइव्हवर घेते आणि पुन्हा बंद करते.