नाव झाकायचं काम: निनावी शतशब्दकथा स्पर्धा घेणाऱ्यांसाठी

आमच्या वाचनाच्या व्हॉट्सॲप गटात सध्या १४० जण आहेत. बहुतेक नाशिक-पुण्याचे, काही मडगावचे, चौघं दुबईत आणि सात-आठ अमेरिकेत. दर फेब्रुवारीत आम्ही शतशब्दकथांची स्पर्धा घेतो आणि २७ तारखेला, मराठी भाषा गौरव दिनी, निकाल लावतो. कथा सगळ्यांसमोर येतात, लेखकाचं नाव येत नाही. गेली चार वर्षं संयोजन माझ्या गळ्यात आहे. अधूनमधून दुसऱ्या गटातलं कुणीतरी विचारतं, "आम्हालाही घ्यायचीय, तुमचे नियम पाठवता का?" पाठवते. पण आमचे नियम पानभराचेच आहेत आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या फजितीनंतर आलेला आहे. त्या फजित्या कळल्या तरच नियमांचा उपयोग.

शंभर शब्दच का, इथपासून सुरुवात करू. शशक, म्हणजे शतशब्दकथा, लिहायला सोपी असते म्हणून, असं समजू नका, उलट आहे. पण वाचायला ती सोयीची असते. आमच्याकडे गेल्या वर्षी ३१ कथा आल्या. म्हणजे सगळं मिळून ३१०० शब्द, दोन कप चहात संपणारं वाचन. त्यामुळे "मत देणाऱ्यानं सगळ्या कथा वाचल्याच पाहिजेत" असं हक्कानं सांगता येतं. पहिल्या वर्षी आम्ही हजार शब्दांपर्यंतच्या कथा मागवल्या होत्या. लोकांनी ओळखीच्यांच्या तेवढ्या वाचल्या आणि बाकीच्यांना न वाचताच अंगठ्याचं चित्र टाकून मोकळे झाले.

निनावी का, हे मात्र गटाला आधी पटवून द्यावं लागतं. आमच्यात दोघं-तिघं दिवाळी अंकांत छापून येणारे आहेत. त्यांनी काही टाकलं की "वा, क्या बात!" अशी रांग लागायची, आणि नव्या माणसानं लिहिलं की शांतता. मी तेव्हा जयंत नारळीकरांची गोष्ट सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. त्यांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या हातानं लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं, आणि ते कथेला मिळालं याबद्दल शंकेला जागाच राहिली नाही. एवढं ऐकल्यावर आमच्या दिवाळी अंकवाल्यांनाही नाही म्हणणं अवघड गेलं.

हस्ताक्षराचा हा प्रश्न आता सुटला, असं मला वाटायचं. तो सुटलेला नाही. आमच्यातले एक काका प्रत्येक वाक्यानंतर चार टिंबं देतात, कधी पाच. एक ताई 'ॲ' न लिहिता जुन्या पद्धतीनं अ आणि चंद्र वेगवेगळे टंकतात, त्यामुळे काही फाँटांमध्ये चंद्र किंचित सरकलेला दिसतो. तिसरे एक जण उद्गारचिन्हाच्या आधी जागा सोडतात. दुसऱ्या वर्षी एका हुशार सभासदानं एवढ्यावरून सहा लेखक ओळखले आणि गटात जाहीर केले. तेव्हापासून आलेली प्रत्येक कथा मी एकाच साच्यातून काढते: 'ॲ' आणि 'ऱ्या' एकाच प्रकारचे, अवतरणं सारखी, टिंबं तीनच, दुहेरी जागा काढलेल्या. लेखकाच्या शब्दाला हात लावत नाही. पण 'म्हंजे' लिहिलं असेल तर फोन करून विचारते, "हे पात्राच्या तोंडी मुद्दाम आहे, की तुमची सवय?" सवय असेल तर 'म्हणजे' करते.

कथा फाईलमध्ये घेऊ नका. वर्डच्या फाईलच्या पोटात लेखकाचं नाव बसलेलं असतं आणि ती पुढे पाठवली की नावही पुढे जातं. गूगल फॉर्ममध्ये एक मोठा रकाना ठेवा आणि मजकूर तिथेच चिकटवायला सांगा. कथांना क्रमांक देताना आल्या त्या क्रमानं देऊ नका. कुणीतरी गटात "हुश्श, पाठवली एकदाची!" असं लिहितंच; मग शेवटची कथा कुणाची हे शेंबडं पोरही सांगेल. मी चिठ्ठ्या टाकून क्रमांक काढते, अगदी कागदाच्या, डब्यात हलवून. नातीला मजा येते.

आता माझी स्वतःची सर्वांत मोठी चूक. फॉर्ममधली उत्तरं शीटमध्ये जमा होतात. मी नावांचा रकाना लपवला आणि फक्त बघण्याच्या परवानगीची लिंक मतदानासाठी गटात टाकली. लपवलेला रकाना म्हणजे खिडकीवरचा पडदा. शीटची आपली प्रत काढली की तो कुणालाही बाजूला सारता येतो. एकानं सारला. त्यानं कुणाला सांगितलं नाही, मलाच खासगीत कळवलं, हा त्याचा चांगुलपणा. पण त्याला मत देता येईना आणि मला रात्रभर झोप येईना. आता नावं असलेली शीट आणि वाचायच्या कथा यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. कथा नव्या कोऱ्या दस्तऐवजात हातानं नेते. आणि नावं एकालाच माहीत असावीत. दोन संयोजक असले तर दुसऱ्यानं मतं मोजावीत, नावं बघू नयेत. नवऱ्यालाही सांगू नका. मी पहिल्या वर्षी सांगितलं होतं. लग्नाच्या पंगतीत त्यानं एका बाईंना कथा आवडल्याचं कळवलं.

विषयाबद्दल थोडं. 'पाऊस', 'आई', 'प्रवास' असे विषय दिले की जुन्या कथा वहीतून बाहेर येतात, शिवाय व्हॉट्सॲपवर फिरलेल्याही येतात. विषय अडचणीचा हवा. 'कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली' हा आमचा सर्वांत चाललेला विषय. त्यासाठी नवीन लिहिण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. तरीही प्रत्येक कथेतलं एखादं वेगळं वाक्य अवतरणात घालून शोधून पाहते. दोनदा उचललेली कथा सापडली. दोन्ही वेळा गटात काही न बोलता लेखकाला फोन केला. एकानं माफी मागून दुसरी लिहिली, दुसऱ्यानं गट सोडला. यंत्राकडून लिहून घेतलेली कथा ओळखायचा पक्का उपाय मला सापडलेला नाही, म्हणून मी पोलीस होत नाही. फॉर्ममध्ये "ही मी स्वतः लिहिली आहे" एवढ्यावर टिचकी मारायला लावते.

सूचनांमध्ये आणखी एक ओळ मी हौसेनं घालते: शेवटच्या वाक्यात भिंतीवरच्या फोटोला हार घालू नये. शशक लिहायला बसलेल्या दहातल्या चार जणांना शेवटी पात्र मेलेलं होतं असं सांगायचं असतं. तुम्हीही ही ओळ घाला. तरी दोन हार येतीलच.

शब्द मोजण्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी निकालावरून होत नाहीत. आम्ही बरोबर शंभर मागतो, कारण ९५ ते १०५ म्हटलं की १०७ वाले विनवण्या करतात. मराठीत शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं असतं, तेव्हा 'घरासमोर' एक शब्द आणि 'घरा समोर' ही चूक. 'बघितल्याशिवाय' हाही एकच. आपल्या भाषेची ही चैन आहे, शंभरात पुष्कळ मावतं. पण काही जण मग 'सांगूनटाकलं' असंही जोडायला लागतात. शब्दकोशात किंवा रोजच्या छापील मजकुरात जसं दिसतं तसंच, एवढा एकच निकष ठेवा. शीर्षक मोजायचं नाही. वर्डमध्ये दोन्ही बाजूंना जागा सोडलेली मोकळी आडवी रेघसुद्धा शब्द म्हणून मोजली जाते, म्हणून आकडा शंभर दिसला तरी मी एकदा डोळ्यांनी मोजते.

मुदतीत वेळेचा देश लिहा. "१५ तारखेच्या रात्री १२ पर्यंत" असं मी लिहिलं आणि न्यू जर्सीच्या मंडळींनी आपल्या रात्री १२ धरले. फेब्रुवारीत ते आपल्या साडेदहा तास मागे असतात. त्यांच्या तीन कथा आमच्याकडे सोळाच्या सकाळी आल्या. चूक माझी म्हणून घेतल्या. आता "भारतीय वेळेनुसार रात्री ९" असं लिहिते. ९ मुद्दाम, कारण १२ ला मीच जागी नसते.

मतं कशी घ्यायची? दहापैकी गुण देऊ नका. आमच्यातले एक निवृत्त मास्तर पाचाच्या वर जात नाहीत आणि एक वहिनी आठाच्या खाली येत नाहीत. मास्तरांनी वाचलेल्या कथेचं नशीबच फुटकं. त्यापेक्षा प्रत्येकानं आपल्या पहिल्या पाच कथा क्रमानं लिहाव्यात. त्यांना ५, ४, ३, २, १ असे गुण. या पद्धतीची मूळ कल्पना अठराव्या शतकातल्या बोर्दा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावावर आहे. बरोबरी झाली तर जिला पहिली पसंती जास्त, ती वर. ज्यानं कथा पाठवली त्यानं मत द्यायलाच हवं, आणि यादीत स्वतःची कथा नको. मतं माझ्याकडे नावानिशी येतात, त्यामुळे हे तपासता येतं. आणखी एक: वाचायची यादी चार वेगवेगळ्या क्रमांनी लावून चार गटांना द्या. एकच क्रम दिला तेव्हा पंचविसाव्या कथेनंतर प्रतिसाद आटले होते. लोक दमतात.

प्रतिसादांबाबत माझं मत ठाम आहे आणि काही जणांना ते पटत नाही: लेखक निनावी, पण प्रतिसाद देणारा नावानिशी. तिसऱ्या वर्षी आम्ही दोन्ही निनावी ठेवून पाहिलं. "टुकार", "हे काय आहे", "शाळेतला निबंध". लेखकाला खोडून काढता येईना, कारण बोललं तर नाव उघडं पडतं. तोंडाला कुलूप लावलेल्या माणसाला अंधारातून दगड मारण्यासारखं झालं. तेव्हापासून नियम असा: स्वतःच्या नावानं लिहा, आणि "आवडली नाही" म्हणायचं असेल तर कुठल्या वाक्याला अडखळलात ते सांगा. "तिसऱ्या ओळीत 'तो' म्हणजे मुलगा की बाप, कळलं नाही" असा प्रतिसाद लेखक वर्षभर जपून ठेवतो.

निकालाच्या दिवशी सगळी नावं उघडी करायची, असं मी गृहीत धरलं होतं. दुसऱ्या वर्षी आमचे एक दिवाळी अंकवाले चौदावे आले. नावं जाहीर झाल्यावर त्यांनी हसून घेतलं, पण पुढचे सहा महिने गटात काही लिहिलं नाही. कथा वाईट नव्हती, त्या वर्षी चुरस होती. नंतर फॉर्ममध्येच प्रश्न घातला: नाव कधी उघड करायचं? नेहमी, पहिल्या पाचात आल्यास, किंवा कधीच नाही. बहुतेक जण मधला पर्याय निवडतात. ते दिवाळी अंकवालेही पुन्हा लिहू लागले, मधलाच पर्याय निवडून.

'कधीच नाही' निवडणारे फार थोडे. गेल्या वर्षी दुसरी आलेली किल्लीची कथा त्यातली. बक्षिसाचं पुस्तक लेखकाच्या सांगण्यावरून गावातल्या वाचनालयाला दिलं. गटात अजून त्या कथेची आठवण निघते, आणि निघाली की एक बाई न चुकता विचारतात, "कुणाची होती हो ती? मला तर फार आवडली." वाचनालयाच्या पत्त्याची चिठ्ठी त्यांच्याच हातची माझ्या कपाटात आहे. मी लिहिते, "बघा ना, कुणाची कोण जाणे."